मद्रासची एल.आय.सी. इमारत : 'मराठी माणसाने बांधली' असं म्हणण्याआधी

आपल्या सीमाभागातल्या इतिहासप्रेमी मंडळींना एक खोड आहे, आणि ती मलाही आहे. दूर कुठं एखाद्या वास्तूशी मराठी नाव जोडलेलं दिसलं की आपण लगेच खूश होतो. ते नाव नेमकं कशासाठी आलंय, त्या माणसाने काय केलं, त्याच्याआधी कोण होतं, हे विचारायचं राहून जातं. मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, एल.आय.सी. इमारतीचं असंच होऊ शकतं. माउंट रोडवरची ही इमारत 1959 साली उघडली तेव्हा देशातली सर्वांत उंच बहुमजली इमारत मानली गेली. तिच्या वास्तुविशारदांत ल. म. चितळे हे मराठी नाव आहे. आता यातून 'भारताची पहिली गगनचुंबी इमारत मराठी माणसाने बांधली' असं वाक्य करायला कितीसा वेळ लागतो?

या वाक्यातल्या तीन गोष्टी तपासायला हव्यात : 'पहिली', 'गगनचुंबी' आणि 'मराठी माणसाने बांधली'. तिन्ही तपासल्यावर वाक्य उरत नाही. चितळे मात्र उरतात, आणि माझ्या मते त्या वाक्यात होते त्यापेक्षा मोठे होऊन उरतात. या लेखात मला एवढंच मांडायचं आहे.

पहिली, उंच की बहुमजली?

आधी उंचीचा हिशोब करू. एल.आय.सी. इमारतीची उंची 177 फूट, म्हणजे 54 मीटरच्या आसपास. मुंबईचा राजाबाई टॉवर 1878 मध्ये पुरा झाला, तो 280 फूट आहे. तंजावरच्या बृहदीश्वर देवळाचं शिखर एक हजार वर्षांपूर्वीचं, आणि तेही दोनशे फुटांच्या वर जातं. म्हणजे नुसत्या उंचीने बघितलं तर मद्रासच्या त्या इमारतीला आपल्याच मुलखात भरपूर वडीलधारी मंडळी होती.

फरक आहे तो वापरात. शिखरात माणूस राहत नाही, घड्याळाच्या मनोऱ्यात कचेरी भरत नाही. एल.आय.सी. इमारतीत प्रत्येक मजल्यावर टेबलं, फायली, टंकलेखन यंत्रं आणि दिवसभर काम करणारी माणसं होती, आणि त्यांना वर नेणारी लिफ्ट होती. लिफ्टशिवाय दहाव्या मजल्यावर कचेरी कोण ठेवणार? म्हणून 'उंच' आणि 'बहुमजली' हे दोन शब्द वेगळे ठेवले पाहिजेत. आपल्या स्थानिक लेखनात ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात.

आता 'पहिली'. कलकत्त्याची नवीन सचिवालयाची इमारत हबीब रहमान यांनी रचली. ती तेरा-चौदा मजली असून 1954 मध्ये उभी राहिली होती, म्हणजे मद्रासच्या आधी पाच वर्षं. तेव्हा 'पहिली' हा शब्द गेला. आणि 'सर्वांत उंच' हा मानही फार टिकला नाही. साठीच्या दशकात मुंबईच्या इमारतींनी तिला मागे टाकलं. मद्रास शहरात मात्र पुढची कित्येक दशकं तिच्याएवढं उंच कुणी गेलं नाही.

मजले किती, यावरही एकमत नाही बघा. तमिळ माणूस बोलताना 'चौदा माडी' म्हणतो, लिखाणात पंधरा आढळतात. यात कुणी खोटं बोलत नाही. तळमजला धरला की एक आकडा वाढतो, नाही धरला की कमी होतो. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या 'सात मजल्यां'बद्दल आपण हाच घोळ घालत आलोय. आपल्या मंडळाच्या टिपणांत मजले मोजताना तळमजला धरला की नाही, एवढी एक ओळ लिहिली तरी अर्धे वाद मिटतील.

'मनोरा' या शब्दावरून एक जोड सांगून पुढं जातो. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले यांनी पट्टुकोट्टैजवळच्या समुद्रकाठी 1814-15 मध्ये एक षट्कोनी बुरूज उभारला. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाची ती आठवण. तो आठ मजली आहे, उंची सुमारे 75 फूट. तमिळ लोक त्याला आजही 'मनोरा'च म्हणतात. म्हणजे तमिळ मुलखात मजल्यावर मजला चढवणारा मराठी माणूस शोधायचा असेल तर चितळ्यांच्या आधी शंभरेक वर्षं सरफोजीराजे उभे आहेत. पण म्हणून मनोऱ्याला कुणी गगनचुंबी म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

विम्याच्या पैशाने उंच इमारती का झाल्या

ही इमारत एल.आय.सी.ने सुरू केलेली नाही, हे नावामुळे विसरायला होतं. ती सुरू केली युनायटेड इंडिया लाइफ या खासगी विमा कंपनीने. तिचे सूत्रधार होते एम. सीटी. एम. चिदंबरम चेट्टियार. इंडियन ओव्हरसीज बँकही त्यांचीच. 10 फेब्रुवारी 1937 रोजी कराईकुडी, मद्रास आणि रंगून अशा तीन ठिकाणी तिचं कामकाज एकाच दिवशी सुरू झालं होतं. यावरून माणसाची झेप कळते.

विमा कंपन्या आणि उंच इमारती यांचं नातं जुनं आहे. जगातली पहिली गगनचुंबी म्हणून जिचं नाव बहुतेक वेळा घेतलं जातं ती शिकागोची 1885 ची होम इन्शुरन्स इमारतच. (तिच्या 'पहिली' असण्यावरही वाद आहेतच.) आपल्या मुंबईत फोर्ट भागात फिरलात तर सर फिरोजशहा मेहता रस्त्यावर आणि आसपास विमा कंपन्यांच्या इमारतींची रांगच दिसते. मास्टर, साठे आणि भुता या जोडीदारांनी रचलेली न्यू इंडिया अॅश्युरन्सची 1936 ची इमारत अवश्य बघा. तिच्या दर्शनी भागावर ना. ग. पानसरे यांची शिल्पं आहेत : शेतकरी, कुंभार, सूत कातणाऱ्या बायका. याच वास्तुविशारदांच्या लक्ष्मी इन्शुरन्सच्या इमारतीवर तर माथ्यावर साक्षात लक्ष्मी उभी आहे.

कारण उघड आहे. विमा म्हणजे वीस-तीस वर्षांनी पाळायचं वचन. हप्ता भरणारा माणूस मनात विचारतो, 'तोवर ही कंपनी असेल का?' त्याला दगडाचं, पोलादाचं उत्तर दाखवायचं असतं. शिवाय हप्त्यांचा जमलेला पैसा कुठंतरी गुंतवायचा असतो, आणि शहराच्या मोक्याच्या जागी कचेऱ्या बांधून भाड्याने देणं ही बरी गुंतवणूक होती. साताऱ्याच्या अण्णासाहेब चिरमुल्यांनी 1913 मध्ये वेस्टर्न इंडिया विमा कंपनी काढली तेव्हा त्यांनाही हाच विश्वासाचा प्रश्न सोडवायचा होता. फक्त त्यांनी तो साताऱ्यात राहून सोडवला. चेट्टियारांनी माउंट रोडवर आकाशात रेघ ओढायची ठरवली.

इमारतीचा आराखडा लंडनच्या एच. जे. ब्राउन आणि एल. सी. मुलेन यांनी केला. काम 1953 मध्ये सुरू झालं. 1954 मध्ये चेट्टियार सिंगापूरच्या विमान अपघातात गेले. म्हणजे जिच्या मागे ज्याची इच्छा होती तो माणूस पाया भरतानाच नाहीसा झाला.

तीन अर्थमंत्री आणि दोन सीमा

इथून पुढचा भाग बेळगाव-निपाणीच्या वाचकाने जरा सावकाश वाचावा, कारण तारखा आपल्या ओळखीच्या आहेत.

17 जानेवारी 1956. या दिवशी काय झालं हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. आपण दरवर्षी त्या दिवशी हुतात्म्यांना अभिवादन करतो. बरोबर दोन दिवसांनी, 19 जानेवारीला, केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. 1 सप्टेंबर 1956 ला आयुर्विमा महामंडळ जन्माला आलं आणि देशी-परदेशी कंपन्या व भविष्यनिर्वाह संस्था मिळून 245 संस्था त्यात विलीन झाल्या. युनायटेड इंडिया त्यातलीच एक, आणि तिची माउंट रोडवरची अर्धवट इमारत नव्या महामंडळाच्या पदरात पडली. पण तोवर देशमुख पदावर नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी त्याच वर्षी जुलैत मंत्रिपद सोडलं होतं. आणि 1 नोव्हेंबर 1956 ला आपला भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला.

मद्रासलाही सीमेचं दुखणं होतं. पोट्टी श्रीरामुलूंचं उपोषण आणि डिसेंबर 1952 मधला त्यांचा मृत्यू मद्रास शहरातच झाला. मद्रास आमचं, अशी तेलुगू भाषकांची मागणी होती. 1 ऑक्टोबर 1953 ला आंध्र वेगळं झालं, शहर मात्र तमिळ बाजूला राहिलं. इमारतीचं काम त्याच वर्षी सुरू झालं. ते चालू असतानाच 1956 मध्ये मद्रास राज्याच्या सीमा पुन्हा बदलल्या. मलबार केरळात गेलं, दक्षिण कानडा जिल्ह्याचा मोठा भाग म्हैसूरला मिळाला. एकाच इमारतीच्या पायाभरणीपासून छतापर्यंत राज्याचा नकाशा दोनदा फिरला.

देशमुखांनंतर अर्थखातं ति. त. कृष्णमाचारी यांच्याकडे गेलं. ते मद्रासचेच. मुंध्रा प्रकरणात, म्हणजे याच महामंडळाच्या गुंतवणुकीवरून, त्यांना फेब्रुवारी 1958 मध्ये पायउतार व्हावं लागलं. ऑगस्ट 1959 मध्ये इमारतीचं उद्घाटन झालं ते नवे अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या हस्ते. मोरारजी हे नाव सीमाभागात कसं घेतलं जातं हे लिहायची गरज नाही. योगायोग म्हणा, पण इमारतीच्या फक्त कागदोपत्री इतिहासात देशमुख आणि मोरारजी असे आपल्या लढ्याच्या दोन टोकांचे दोघेही येतात.

मी हे योगायोग अर्थ काढण्यासाठी नाही सांगितले. सांगितले ते एवढ्यासाठी की ज्या काळात 'शहर कुणाचं' हा प्रश्न रस्त्यावर लढला जात होता, त्याच काळात हे बांधकाम चाललं होतं. ते सुरू करणारा चेट्टियार, आराखडा इंग्रजांचा, ठेका कोरोमंडल इंजिनिअरिंगचा, मालक शेवटी भारत सरकारचं महामंडळ, आणि ते पुरं करणारा मराठी माणूस. अशी इमारत एका भाषेच्या खात्यावर कशी मांडणार?

पुरं करणाऱ्याचा वाटा

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ब्राउन आणि मुलेन 1957 मध्ये भारत सोडून गेले. इमारत अपुरी होती. ती पुरी करण्याचं काम ल. म. चितळे यांच्याकडे आलं.

आपल्याकडे चितळे म्हटलं की आधी भिलवडीची डेअरी आठवते. हे चितळे मद्रासचे. 1930 च्या दशकापासून त्यांनी तिथं स्वतःची वास्तुविशारदाची कचेरी चालवली, आणि पुढच्या पिढीनेही त्याच शहरात ती चालू ठेवली. आर्मेनियन स्ट्रीटवरची ओरिएंटल विमा कंपनीची इमारत त्यांची. मुंबईत तेव्हा फॅशनमध्ये असलेली सुटसुटीत रेषा आणि वर देशी धाटणीचा छत्री-सज्जांचा साज, असा मेळ तिथं आहे. म्हणजे विमा कंपनीची इमारत कशी असावी, तिने रस्त्यावरच्या माणसाला काय सांगावं, याचा विचार या माणसाने वीसेक वर्षं आधीच केलेला होता.

असं असूनही चितळ्यांबद्दल दोन उलट प्रकारचं लेखन आढळतं, आणि दोन्हीवर माझा आक्षेप आहे. एका प्रकारात इमारत सरळ ब्राउन-मुलेन यांची, आणि चितळे शेवटच्या अर्ध्या वाक्यात : 'काम चितळे यांनी पूर्ण केले.' जणू शेवटचा रंग मारायला बोलावलेले. दुसऱ्या प्रकारात इमारत सरळ चितळ्यांची, आणि इंग्रज गायब. आपला मराठी अभिमान दुसऱ्या प्रकाराकडे ओढतो. पण खोटा मान देणं हासुद्धा अन्यायच आहे. मूळ कल्पना, चपट्या पाटीसारखा उभा आकार, हे ब्राउन-मुलेन यांचं. न्यूयॉर्कचं संयुक्त राष्ट्रांचं सचिवालय त्याआधी थोडीच वर्षं उभं राहिलं होतं, आणि त्याची सावली मद्रासच्या इमारतीवर स्पष्ट दिसते. हे चितळ्यांच्या नावावर घालायचं कारण नाही.

मग चितळ्यांचं काय? अर्ध्यावर आलेली इमारत हाती घेणं म्हणजे काय असतं ते ज्याने घर बांधलंय त्याला विचारा. पहिला मिस्त्री मधेच निघून गेला की दुसरा मिस्त्री यायलाच तयार होत नाही. आला तर आधी म्हणतो, 'हे कुणी केलंय? सगळं पाडावं लागेल.' इथं तर आराखडा दुसऱ्याचा, मूळ मालक मेलेला, नवा मालक सरकारी, आणि बांधकाम अशा प्रकारचं की त्या शहरात त्या उंचीचं कुणी केलेलं नाही. अशा वेळी काम घेणाऱ्याला दुसऱ्याच्या रेघा वाचाव्या लागतात. काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं हे ठरवावं लागतं. पाणी वर कसं चढवायचं, लिफ्ट, वीज, जिने, या सगळ्याचा मेळ घालावा लागतो. आणि चूक झाली तर सही त्याची असते. गेलेले लोक लंडनमध्ये असतात.

आपल्या भाषेत याला मान देणारा शब्द नाही, ही माझी तक्रार आहे. 'रचनाकार' म्हटलं की मूळ आराखडा करणारा. 'ठेकेदार' म्हटलं की बांधणारा. मधला, दुसऱ्याची कल्पना जबाबदारीने शेवटाला नेणारा, त्याला काय म्हणायचं? तोवर मी 'पुरं करणारा' म्हणेन. चितळे हे त्या इमारतीचे पुरं करणारे होते. मला तरी हे बिरुद 'पहिली गगनचुंबी बांधणारा'पेक्षा जास्त वजनाचं वाटतं, कारण ते खरं आहे.

भिंतीकडून खांबाकडे

इमारतीचं वास्तुशास्त्रीय महत्त्व कशात आहे? त्या भागात चुना-विटेच्या बांधकामाकडून काँक्रीटच्या खांबांकडे झालेला बदल तिने ठळकपणे दाखवला, असं मानलं जातं. हे साधं करून सांगतो. जुन्या पद्धतीत भार भिंत घेते. मजले वाढवायचे तर खालची भिंत जाड करत जावी लागते. शिकागोची मोनॅडनॉक इमारत 1891 ची, सोळा मजली, विटेची. तिच्या तळाच्या भिंती सहा फूट जाड आहेत. म्हणजे रस्त्यालगतची सगळ्यांत महागडी जागा भिंतीनेच खाल्ली. खांब-तुळईच्या सांगाड्यात भार खांब घेतात, आणि भिंत नुसता पडदा होते. मग खालचा मजलाही मोकळा राहतो आणि खिडक्या हव्या तेवढ्या.

ही कल्पना आपल्याला परकी नाही हे विशेष. आपल्याकडचे जुने वाडे आठवा. सागवानी खांब, तुळया, त्यावर कडीपाट, आणि खांबांच्या मधे माती-विटेची भिंत. आतली भिंत काढली तरी मजला जाग्यावर राहतो, कारण ओझं लाकडावर असतं. म्हणजे वाड्यातसुद्धा आत सांगाडाच होता, लाकडाचा. लाकडाची लांबी जिथं संपते तिथं मजले थांबायचे. काँक्रीट आणि पोलादाने ती मर्यादा काढली. एल.आय.सी. इमारतीकडे बघताना न्यूयॉर्क आठवतंच, पण सुताराचा वाडाही आठवला तर चूक नाही.

ती चांगली इमारत आहे का?

टीकालेख म्हटल्यावर हे उत्तर द्यायलाच हवं. माझं उत्तर : निम्मी.

तिच्या बाजूने सांगायचं तर शहराला तिने एक खूण दिली. तमिळ सिनेमात गावाकडचा पोरगा मद्रासला आला हे दाखवायचं तर सेंट्रल स्टेशनच्या पाठोपाठ एल.आय.सी. इमारत दाखवली की काम झालं. आपल्या सिनेमात मुंबईला पोचल्याची खूण म्हणून बोरीबंदर दाखवतात ना, तसंच. आज तिच्या भागातल्या मेट्रोच्या भुयारी स्थानकाचं नावही 'एल.आय.सी.'च आहे. जमिनीवरची सगळ्यांत ओळखीची खूण जमिनीखालच्या स्थानकाला नाव देते, यापेक्षा लोकमान्यता कोणती?

तिच्या विरुद्ध बोलायचं तर ती मद्रासच्या हवेची इमारत नाही. माउंट रोडवरच्या जुन्या इमारतींनी उन्हाशी तडजोड केली होती : खोल व्हरांडे, उंच छतं, जाड भिंती. तेरा अंश अक्षांशावरच्या त्या शहरात ऊन वर्षभर बोचतं. चपटी, खिडक्यांच्या ओळींनी भरलेली पाटी ही थंड देशातल्या उजेडाच्या भुकेतून आलेली कल्पना आहे. मद्रासमध्ये भूक सावलीची. हा दोष मूळ आराखड्यातच आहे. ओरिएंटल इमारतीचा वास्तुविशारद ही इमारत पहिल्या रेघेपासून काढता तर सावलीचा विचार जास्त झाला असता, असं मला वाटतं. हे अर्थात माझं मत, पुरावा नव्हे.

दुसरी गोष्ट आगीची. जुलै 1975 मध्ये या इमारतीला मोठी आग लागली. सांगाडा टिकला, दुरुस्ती झाली आणि इमारत आजही वापरात आहे. काँक्रीटच्या सांगाड्याची ही परीक्षाच म्हणायची. पण उंचावरच्या मजल्यावर माणसं बसवताना खाली उतरण्याच्या वाटांचा आणि आगीच्या बंबाच्या पोचेचा विचार आधी करावा लागतो, हा धडा आपल्या शहरांनी फार उशिरा घेतला. काही अजून घ्यायचा आहे.

तिसरी गोष्ट तुलनेची. मद्रासमध्ये हे काम चालू होतं त्याच दशकात बेंगळुरात विधान सौध बांधलं जात होतं. ते 1956 मध्ये पुरं झालं. केंगल हनुमंतय्यांचा आग्रह, बी. आर. माणिकम यांची रचना, ग्रॅनाइटचा दगड, घुमट आणि द्राविडी खांब. मद्रासने 'आम्ही आधुनिक' म्हटलं, बेंगळुराने 'आम्ही पुरातन' म्हटलं. आपल्या हलगा-बस्तवाडच्या माळावर 2012 मध्ये उघडलेलं सुवर्ण विधान सौध या दुसऱ्या घराण्यातलं. महामार्गावरून जाताना आपण ते रोज बघतो आणि त्याच्याबद्दल राजकारणच बोलतो. ते स्वाभाविकही आहे. पण ते कुणी रचलं, सांगाडा कसला, दगड कुठं लावला आणि कुठं नुसता दाखवला, हे आपल्यातल्या किती जणांनी विचारलंय? रागही असावा, पण बघूनसवरून असावा.

आपल्या गावासाठी

बेळगावात पहिली लिफ्ट कुठल्या इमारतीत लागली, निपाणीत तंबाखूच्या वखारीच्या आढ्यापेक्षा उंच पहिलं काय बांधलं गेलं, यावर आपल्या मंडळात गप्पा रंगतात. गप्पांचं टिपण व्हायचं असेल तर एल.आय.सी. इमारतीवरून पाच प्रश्नांची यादी घेता येईल. पैसा कुणाचा? आराखडा कुणाचा? सांगाड्याचं गणित कुणी केलं? ठेका कुणाचा? आणि मधे कुणी सोडून गेलं असेल तर पुरं कुणी केलं? या पाचांना एकच नाव उत्तर म्हणून आलं तर समजावं की आपण नीट चौकशी केलेली नाही.

यातली बहुतेक उत्तरं नगरपालिकेच्या परवान्याच्या फायलींत, ठेकेदाराच्या वहीत आणि म्हाताऱ्या मिस्त्र्यांच्या डोक्यात आहेत. फायली वाळवी खाते, वह्या रद्दीत जातात, आणि मिस्त्र्यांची पिढी हातची चालली आहे. गवंडी कानडी, सुतार मराठी, ठेकेदार गुजराती, मालक आणखी कुणी, असं आपल्या गावांत नेहमीचंच. नोंद करताना ती सगळी नावं यावीत, ज्या लिपीत ती माणसं सही करायची त्या लिपीत आली तर आणखी बरं.

मद्रासच्या इमारतीवर बाहेरून फक्त एकाच संस्थेचं नाव दिसतं, आणि तीही तिसऱ्या वर्षी आलेली मालकीण. चेट्टियार, ब्राउन, मुलेन, चितळे, कुणाचंच नाव रस्त्यावरून दिसत नाही. आपण चितळ्यांचं एकट्याचं नाव मोठ्या अक्षरात लिहून ही चूक दुरुस्त होणार नाही. चौघांची नावं एका ओळीत, प्रत्येकापुढं त्याने काय केलं ते, एवढं लिहिलं की झालं.